मगरीचं काळीज

दादा शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर होता, पाणी अजून घोट्यालाही लागलं नव्हतं, आणि बोटीवरचं यंत्र कोकलायला लागलं.

“यंत्र बिघडलंय,” दादा म्हणाला.

“यंत्र ठणठणीत आहे, काका. काळीज पळतंय तुमचं.” तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. “छातीला पट्टा आजच बांधलाय म्हणून कळलं. एरवीही असंच होतं का?”

सगळं बंदर ज्याला मगर म्हणायचं, तो मुखवट्याची काच पुसायला लागला. एरवीही असंच व्हायचं. अगदी पहिल्या बुडीपासून. उतरण्याआधी तो हटकून एक विनोद करायचा, तो दातखीळ बसू नये म्हणून. पण आजवर कमरेला नुसती दोरी असायची, आणि दोरी चहाडी करत नाही.

दोरीचं दुसरं टोक धाकट्या भावाच्या हातात. पाणबुड्याचा परवाना दोघांनी बरोबरच काढला होता. पण कामाच्या पहिल्याच दिवशी दादाने खाली डोकावलं आणि शिडी दोन्ही हातांनी कवटाळली. आपली ही गत, तर या बिचाऱ्याचं काय होईल? “तुझं काम नव्हे हे. तू दोरी धर,” त्याने दटावलं. धाकट्याने तोंड वाकडं केलं, पण धरली. इतक्या वर्षांत दादाने पाण्याच्या दाबाला एक कान दिला, दोन्ही गुडघे दिले. भाऊ मात्र दिला नाही. स्वतःच्या या थोरपणावर तो मनातल्या मनात बेहद्द खूश असे.

“आता तुमचं उतरणं बंद,” पट्टा सोडत बाई म्हणाल्या. “त्या समोरच्या जहाजाच्या पंख्यात अडकलेलं जाळं कोण काढेल?”

“मी,” धाकटा म्हणाला.

“त्याला नको हो! लहानपणापासून घाबरट आहे तो.”

“हे तूच सांगत आलास, दादा. मला कधी विचारलंस?”

पट्टा बांधून धाकटा उतरला. दादाने दोरी धरली. मनगटाला दोन वेढे दिले. पडद्यावर ठोक्यांचा आकडा उमटला. सत्तर. मग अडुसष्ट.

“धाकटे काका झोपलेबिपले नाहीत ना खाली?” बाई हसल्या.

तेवढ्यात खरखर झाली आणि मुखवट्यातल्या माईकवरून केस पिकलेल्या भावाचा आवाज आला, शाळकरी पोरासारखा :

“दादा, काय सुंदर आहे रे इथं! इतकी वर्षं एकटाच बघत होतास?”