बापाचं पात्र

"बापाचं पात्र फारच दगड झालंय," संपादक बाई म्हणाल्या. "थोडं मवाळ करू या का, काका?"

काकांनी चष्मा पुसला. मवाळ काय, कठोर काय, दोन्ही शब्द त्यांना सारखेच लागले. मुलगा गेल्यापासून बरंच काही सारखंच लागायला लागलं होतं. भूक आणि पोट भरणं यातलाही फरक हल्ली कळत नसे.

"आहे तसंच राहू दे," ते म्हणाले.

टेबलावर मुलाच्या कादंबरीचा गठ्ठा पडला होता. त्याची पहिली कादंबरी आणि शेवटचीही. नायक तरुण लेखक. लिहिण्यासाठी तो चांगली नोकरी सोडतो, बाप त्याच्याशी बोलणं टाकतो, पुढे पोरगं आजारी पडतं आणि दवाखान्यात लिहीत राहतं. सगळं घरातलंच होतं.

काकांनी उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली. सगळ्यांच्या डोक्यावर बसतो म्हणून लोकांनी त्यांचं नाव 'अनुस्वार' पाडलं होतं. बाई नवख्या असताना त्यांच्याच हाताखाली शिकल्या. काकांचा पहिला धडा एकच असायचा : ऱ्हस्वदीर्घ बघा, मजकुराला हात लावू नका. लेखक मूर्ख असला तरी मूर्खपणा त्याचाच राहिला पाहिजे. दवाखान्यातून आलेल्या कागदांची स्वच्छ प्रत काकांनीच टाइप केली होती, म्हणून बाईंनी ती डोळे मिटून घेतली.

"नायक झकास आहे," बाई सांगत होत्या. "हट्टी, जरा बढाईखोर, पण जीव लावतो. आईही उभी राहते. पण संघर्षाला दोन बाजू हव्यात ना, काका? इथे पोरगं एकटंच भिंतीवर डोकं आपटतंय. बाप आतून तुटतोय असं कुठेच दिसत नाही."

"तुटत नसेल."

"असं कसं?"

"असतात अशी माणसं."

काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या दाराशी स्टुलावर बसल्या. गठ्ठ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आणि गंमत बघा," बाई कप उचलत म्हणाल्या, "बाकी ठिकाणी पोरगं काय फुलोरा करतं! नुसता जिना चढायला पान घेतं. बाप आला की मात्र वाक्यं एकदम आखूड. खरं सांगू? मला तीच पानं जास्त आवडली. बापाला त्यानं आरपार ओळखलं होतं."

काका "हं" म्हणाले.

बाई जरा घुटमळल्या. मग मुद्द्यावर आल्या. "प्रश्न शेवटाचा आहे. तो खाटेवर पडून वाट बघतो. पावलं वाजली की मान वळवतो, आणि दरवेळी नर्सच येते. बाप येतच नाही. पुस्तक संपतं. आमचे मालक म्हणतात, एकदा येऊ दे बापाला. चार ओळी पुरे. मी लिहिते, तुम्ही नुसतं हो म्हणा."

"नाही."

"काका, बाप प्रुफं तपासणाराच दाखवलाय. कोण ते शेंबड्या पोरालाही कळेल. लोक तुमच्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत. छापणार असाल तर असंच छापा. नाहीतर परत द्या."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. पूर्वी या माणसाची त्यांना भीती वाटायची, आज पहिल्यांदा माया वाटली.

"स्वतःवर चिखल उडतोय आणि तुम्ही लेकाचा शब्दन्‌शब्द जपताय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला जमलं नसतं हो. असंच छापू. मालकांना मी बघते."

काकांनी संमतीच्या कागदावर सही केली. बाई गठ्ठा घेऊन गेल्या. काकांनी दाराला कडी लावली आणि पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसले.

काकूंनी कप गोळा केले. दोघांत पुस्तकाचा विषय आजवर कधी निघाला नव्हता.

"मला वाचून दाखवायचा तो," काकू म्हणाल्या. "शेवटचं प्रकरणही दाखवलं होतं. त्यात बाप येतो. उशाशी बसतो. पानं मागून घेतो, सगळी वाचतो आणि म्हणतो, छान लिहिलंस रे. असंच होतं ना?"

"असंच होतं."

"सगळीकडेच चांगला होता त्याचा बाप."

"हो."

"मग का हो खोडलंत? का बदललंत सगळं? तेवढं तरी राहू द्यायचं होतं त्याचं."

काकांनी रिकाम्या टेबलावरून हात फिरवला.

"गेलो नव्हतो ना मी," ते म्हणाले.