नऊ टोले आणि वर एकाहत्तर

नऊ टोले देऊन अबायजा थेअर थांबला, तळहातावर थुंकला आणि घंटेचा दोर पुन्हा घट्ट धरून वर्षं मोजायला लागला.

गावची रीत साधी होती. पोर गेलं तर तीन टोले, बाई गेली तर सहा, बाप्या गेला तर नऊ. मग जितकी वर्षं जगला तितके. शेतात, गोठ्यात, चुलीपाशी माणसं हातातलं काम थांबवून मोजत, आणि शेवटच्या टोल्याला कोण गेलं ते घरबसल्या कळे.

अबायजाने एकाहत्तर दिले. गावात एकाहत्तर वर्षांचा बाप्या एकच होता, आणि तो दोर सोडून चर्चच्या मागच्या जिन्याने खाली उतरत होता.

घरी त्याची थोरली बहीण जेरूशा कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

“मी मोजले,” ती म्हणाली. “तू गेलास म्हणे.”

“दुपारपर्यंतच. मला बैठकीच्या खोलीत नीट झोपव, आणि चार घरी सांगून ये.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“ट्रायफीनाबाई माझ्यावर काय लिहितात ते ऐकायचंय मला. खरा मेलो तर ऐकणार कसा?”

जेरूशाने कमरेवरचे हात खाली घेतले. या वेडेपणात थोडं शहाणपण होतं, हे तिलाही कळत होतं.

ट्रायफीना ब्रिग्ज चाळीस वर्षं गावच्या मेलेल्यांवर कविता लिहीत होती. तरुणपणी, शाळेत शिकवत असताना, तिने कुरणातून चाललेल्या एका माणसावर आठ ओळी लिहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळं गाव विचारत सुटलं, कोण हा? महिन्याभरात तिची नोकरी गेली. तेव्हापासून तिने जिवंत माणसावर लिहिणं टाकलं. मेलेल्यावर बाईने कितीही जीव ओतून लिहावं, कोणाच्या भुवया वर जात नाहीत. उलट साप्ताहिकवाले काळी चौकट घालून छापतात. भट्टीत पाव फुगेपर्यंत पिठाच्या पिशवीच्या कागदावर ती कडवी जुळवी. चर्चच्या हेकट कारभाऱ्याला तिने सहा कडवी दिली होती. घोडेचोर एल्नेथनला आठ, आणि ती वाचून त्याची बायको पहिल्यांदा रडली होती.

या सगळ्यांची घंटा अबायजाने वाजवली होती आणि सगळ्यांची कडवी पाठ केली होती. ट्रायफीनाच्या विहिरीचा रहाट तो दुरुस्त करी, हिवाळ्यात तिच्या दाराशी सरपण रचून ठेवी. ती दार उघडी, तेव्हा तो थंडीबद्दल दोन वाक्यं बोले आणि टोपी घालून चालू लागे. आपण तिच्या हिशेबी कोण आहोत, याचा त्याला चाळीस वर्षांत पत्ता लागला नव्हता.

जेरूशाने त्याची दाढी केली. रविवारचा कोट चढवला. हनुवटीखालून रुमाल घेऊन डोक्यावर गाठ मारली.

“एवढा आवळू नकोस,” तो दातांमधून म्हणाला.

“मेलेल्याचा जबडा पडतो. गप पड.”

मग ती त्याच्या पायांत बूट घालायला लागली, चांगले पॉलिश केलेले. मेलेल्याला बूट कशाला, असं त्याला विचारायचं होतं, पण जबडा हलेना.

ती सांगायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली ती अर्धं गाव घेऊन. बायकांच्या कडक परकरांची सळसळ झाली. टेबलावर थाळ्या ठेवल्याचे आवाज आले, आणि मिटल्या डोळ्यांनी त्याला लिंबाच्या केकचा वास आला, वर साखरेचा जाड थर असलेल्या. आपल्यासाठी कोणी एवढं करेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचं मन भरून आलं.

“किती छान दिसतोय,” शेजारची हल्डा म्हणाली. “जिवंतपणी असा कधी दिसला नाही.”

“आंघोळ घातलीय त्याला,” जेरूशा म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं आणि त्याचा खोकला केला. अबायजाने ती व्यक्ती आवाजावरून ओळखून ठेवली.

मग खुर्ची सरकली. कागद उलगडला.

“घाईत लिहिलंय,” ट्रायफीना म्हणाली. “माणसं आधी कळवून जात नाहीत.” आणि तिने वाचलं:

“गावासाठी ज्याने घंटेचा दोर ओढला,
त्याने माझा रहाट दरवर्षी जोडला.
सरपण ठेवून दाराशी पाठमोरा गेला,
‘थांबा’ म्हणायच्या आत कुंपणापार झाला.

मनातलं मनात ठेवून बोले थंडी-वारा,
ऐकता ऐकता माझा केस न् केस पांढरा.
कुरणामधून गेला त्याचं नाव नाही घेतलं,
आज घेते, अबायजा. गाव बोललं तर बोललं.”

कोणी नाक ओढलं. अबायजाच्या डोळ्यातून एक थेंब निघून कानाकडे चालला. जेरूशाने तो आपल्या ॲप्रनच्या टोकाने टिपला. कोणाच्या लक्षात आलं नसावं, असं त्याला वाटलं. आता खुशाल मरावं. आता खरा मेलो तरी चालेल.

पाद्री विलार्डनी घसा साफ करून पुस्तक उघडलं. पुढचं अबायजाला तोंडपाठ होतं. पानांची चाळवाचाळव नेहमीपेक्षा जरा अलीकडे थांबली, एवढंच.

“प्रियजनहो,” पाद्री म्हणाले, “परमेश्वराच्या साक्षीने आपण इथे जमलो आहोत. अबायजा थेअर आणि ट्रायफीना ब्रिग्ज यांच्या लग्नाला कोणाची हरकत असेल, तर त्याने आत्ता बोलावं, नाहीतर कायमचं गप्प राहावं.”

कोणी बोललं नाही. पाद्रींनी सावकाश दहापर्यंत मोजायला लागेल इतकी वाट पाहिली.

“नवऱ्या मुलाचीही हरकत दिसत नाही,” ते म्हणाले. “उठवा त्याला.”