काठी कुठेच लागली नाही

काठी परत शूरॅकला आपटली आणि धाकूने शिवी हासडली.

"हळू ओ!" आतून शेवंती ओरडली. "शेजाऱ्यांच्या चपला काय चावतत काय तुमका?"

"चावत नाय, आडव्या येतत. ह्या काठीपेक्षा तुझो खांदो बरो होतो."

पांढरी काठी घरात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यावर वर्षभर धाकू बायकोच्या खांद्यावर हात ठेवूनच फिरला. मग सौरभने, म्हणजे मुलाने, काठी शिकवायला रेवती मॅडमना आणलं. उजवा पाय पुढे तर काठी डावीकडे, डावा पुढे तर उजवीकडे. बोलायला सोपं हो! चालायला लागलं की पाय एकीकडे आणि काठी भलतीकडे. भांडुपच्या त्या बिल्डिंगमधली एकही कुंडी, एकही सायकल त्याच्या तावडीतून सुटली नव्हती. रस्त्यावर तर लोक न विचारताच दंड धरायचे आणि नको तिकडे नेऊन सोडायचे. त्याची धाकूला भयंकर चीड यायची.

घरात मात्र काठीचं काम नव्हतं. शेवंती कुठे आहे ते तिच्या जोडव्यांवरून कळायचं. लादीवर टिक, टिक. ओट्याशी, खिडकीशी, देवाशी. मागे तिचं बोट सुजलं तेव्हा डॉक्टरांनी जोडवी काढायला सांगितली, तर ही बाई त्यांच्यावरच उखडली. "हे जिते आसत तवसर मी जोडवी काढूचंय नाय!" सूज बिचारी घाबरून आपोआप उतरली.

आज परीक्षा होती. सौरभने सरळच सांगितलं होतं, "बाबा, एकट्याने मेन रोड ओलांडून मासे आणून दाखवा. जमलं तर झकास. नाय जमलं तर गावी काकांकडे राहायचं. आई किती धावणार तुमच्या मागे?"

गावी म्हणजे दिवसभर ओटीवर बसायचं आणि कोणी उठवेल तेव्हा उठायचं.

"बांगडे घेऊन येतंय," तो दारातून म्हणाला. "वाटण करून ठेव."

"सांभाळून. मी येव मागसून?"

"खबरदार इलस तर!"

काठी पायरीला लागली, गेटला लागली, मग एका रिक्षाच्या चाकाला. "काका, पंक्चर करताय काय?" रिक्षावाला हसला. धाकूही हसला, पण तळहात घामाने ओला झाला होता.

मेन रोडला तो मॅडमनी शिकवल्याप्रमाणे थांबला. काठी समोर धरली, कान लावले. गाड्या थांबल्याचं कळलं तसा तो उतरला. तीन पावलं, चार, पाच.

"ओ काका!" कोणीतरी किंचाळलं. कुठेतरी ब्रेक करकचून लागला. मग कानांत दडे बसल्यासारखे सगळे आवाज लांब गेले.

धाकू पलीकडच्या फुटपाथवर उभा होता. काठी हातात होती. एवढा रस्ता पार केला, तरी छातीत जरासुद्धा धडधड नव्हती.

"जमला मरे, धाकू!" तो स्वतःलाच म्हणाला.

आणि खरंच जमलं होतं. मार्केटमध्ये माणसांची गर्दी होती, सगळीकडून पावलं धावत होती, पण काठी कशालाच लागत नव्हती. ना टोपलीला, ना कोणाच्या पायाला. दंड धरायलाही कोणी आलं नाही. एक दिवस हात आपोआप शिकेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्याला त्यांना तिथल्या तिथे फोन करावासा वाटला.

"अंजनाबाई, बांगडे कसे दिलेस?"

त्याने पुन्हा विचारलं. कोळीण शेजारणीशीच बोलत राहिली. "मला कोयता धरवत नाही गं. आज धंदा नको. झाक ती टोपली."

धाकू हिरमुसला. पण मासे राहिले तर राहिले, रस्ता तर ओलांडला ना! तो वळला. परतीचा रस्ता कधी संपला, किती वेळ गेला, ते त्याला कळलंच नाही. गेट लागलं नाही, पायरी लागली नाही. तो मुद्दाम शूरॅकच्या अगदी जवळून गेला. तोही लागला नाही.

दार उघडं होतं. घरात बरीच माणसं होती, उदबत्तीचा दाट वास होता. पोराने बापाचा पराक्रम बघायला सगळी बिल्डिंग गोळा केली की काय?

"शेवंती, गेलंय आणि इलंय!" तो मोठ्याने म्हणाला. "येताना एकदाव काठी खंय लागूक नाय! आता गावचा नाव काढूचा नाय."

बायका आपसात हळू आवाजात काहीतरी बोलतच राहिल्या. उशीर झाला म्हणून शेवंती रागावली असेल, त्याला वाटलं. तिचा राग त्याला ठाऊक होता. तासभर तोंड फिरवून बसायची आणि मग स्वतःच चहा आणून द्यायची.

"अगो, बोल तरी."

आतल्या खोलीतून शेवंती उठली. देवाशी आली, ओट्याशी थांबली, मग त्याच्या अगदी समोरून गेली. ती चाल त्याने हजारांत ओळखली असती. धाकूने सवयीने कान दिला.

पावलं तिचीच होती. लादीवर जोडवी वाजत नव्हती.