एकदा फोटो झाला की

याही रविवारी आईचा चेहरा फोटोत आला नाही. खुर्ची आली, शाल आली, शालीची किनारसुद्धा आली. चेहऱ्याच्या जागी मात्र धुऊन वाळत घातलेला उशीचा अभ्रा.

"ही कोण?" आईने चष्मा सारखा करत विचारलं.

सून म्हणाली, जरा उजेड जास्त झाला, पुढच्या रविवारी बघू. आईही म्हणाली, बघू. चिडले फक्त मीटरसाहेब.

मीटरसाहेब म्हणजे या आईचा मुलगा आणि त्या सुनेचा नवरा. वीज कंपनीत लोकांच्या घरचे मीटर तपासण्यात त्यांची हयात गेली होती. कुठलीही चूक अर्ध्या टक्क्याच्या वर गेली की त्यांच्या पोटात दुखायचं. बायको औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देणारी, हाताची चोख. तिने हौसेने कॅमेरा घेतला आणि उजेडाचं गणित त्याच्यावर न सोपवता आपणच करायचं ठरवलं. गोळ्यांत कधी न चुकणारी बाई सासूच्या चेहऱ्यावर दर रविवारी कशी चुकते, हे त्यांना कळेना.

फोटोचं खूळ आईचं. तिचा धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याचा एकही धड फोटो सापडला नाही. ओळखपत्रावरचा मोठा करून भिंतीवर लावला. त्यात मामा गेलेला वाटत नव्हता, फरार वाटत होता. आईने तो पाहिला आणि घरी येऊन जाहीर केलं, "माझा आत्ताच चांगला काढून ठेवा. एकदा फोटो झाला की मी मोकळी."

मोकळं व्हायला तिने सुरुवातही केली. वाचनालयातलं नाव काढून टाकलं. संध्याकाळचं फिरणं थांबवलं. जेवण चार घासांवर आलं. तपासण्यांत काही निघालं नाही, तरी डॉक्टरांना म्हणाली, आता उगाच कष्ट घेऊ नका.

मग रविवार सुरू झाले. एकदा चेहरा काळाठिक्कर, एकदा पांढराफटक. आई मनसोक्त नावं ठेवायची आणि पुढच्या रविवारच्या तयारीला लागायची. गाल बसलेले दिसतात म्हणून पोटभर जेवू लागली. हसताना कवळी हलते म्हणून दंतवैद्याकडे खेपा घालू लागली. निळ्या स्वेटरात चेहरा फिका दिसतो म्हणून लाल विणायला घेतला. मीटरसाहेबांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना बिघडलेले फोटो दिसले.

शेवटी त्यांनीच कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. झरोका किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा आणि कॅमेऱ्याने उजेडाला किती हळवं व्हायचं, एवढ्या तीनच गोष्टी. खाली एक पट्टी, पट्टीच्या मधोमध शून्य. काटा एकीकडे कलला की अंधार, दुसरीकडे कलला की भगभगाट. म्हणजे मीटरच की! आठवडाभर त्यांनी पातेल्यांवर, पडद्यांवर आणि एकदा जिन्यात डुलकी काढणाऱ्या शेजाऱ्यावर हात बसवला.

रविवारी बायको दुकानात गेली होती. त्यांनी आईला त्याच खिडकीशी, त्याच खुर्चीत बसवलं. उजेड खिडकीचा न मोजता चेहऱ्याचा मोजला, काटा शून्यावर आणला आणि बटण दाबलं.

फोटो आला तो असा, की एकेक सुरकुती आपापल्या जागेवर. डोळ्यांत इवलीशी खिडकी. ओठांच्या कोपऱ्यात, फक्त घरच्यांनाच ओळखू येतं ते हसू.

आईने तो बराच वेळ पाहिला.

"छान आलाय," ती म्हणाली. "झाला म्हणायचा."

मग तिने विणकाम मांडीवर ओढलं, सुई काढून घेतली आणि लोकर उसवायला लागली. मीटरसाहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? आता कशाला हवाय, ती म्हणाली. दंतवैद्यालाही येत नाही म्हणून कळवून टाक.

शाबासकीच्या तयारीत उभे असलेले मीटरसाहेब तसेच उभे राहिले. करायला काही नव्हतं म्हणून कॅमेऱ्यातले जुने फोटो मागे मागे नेऊ लागले. प्रत्येकाखाली आकडे होते. या खिडकीच्या उजेडाला बरोबर आकडा कोणता, हे आता त्यांना पाठ होतं. बायकोचा प्रत्येक आकडा त्यापासून नेमका तीन घरं लांब होता. एका रविवारी या बाजूला, पुढच्या रविवारी त्या बाजूला. मध्येच शेजारच्या मांजराचा एक फोटो होता, मिशा मोजून घ्याव्यात असा.

मीटर बिघडला की कसाही भरकटतो. दर वेळी बरोबर तेवढेच चुकणारे मीटर त्यांनी नोकरीत बरेच पकडले होते. ते बिघडलेले नसतात. त्यांना कुणीतरी हात लावलेला असतो.

फोटो होत नव्हता, म्हणून आई मोकळी होत नव्हती.

त्यांनी आईकडे पाहिलं. अर्धी बाही उसवून झाली होती. त्यांनी आपला फोटो पुन्हा पडद्यावर आणला, डोळे भरून पाहिला आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण दाबलं.

"आई, फोटो पुसला गेला."

"कसा रे?"

"बोट लागलं."

आईने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सुई उचलली आणि सुटलेले टाके एकेक करून परत तिच्यावर चढवू लागली.

संध्याकाळी बायको आली. चपला काढता काढताच तिने, आवाज शक्य तितका साधा ठेवून, विचारलं की जमला का यांना फोटो.

"यालाही नाही जमत गं," आई टाके मोजता मोजता म्हणाली. "पुढच्या रविवारी तूच काढ. पण या खेपेला काळा काढ हं, पांढरा मागच्या वेळी झालाय."