स्वतंत्र संगीत निर्माता

लहानपणी मी कळंबमध्ये प्रत्येक हळदीत बेंजो पार्टीच्या मागे मागे पत्र्याचा डबा बडवत फिरायचो. पुढे कॉलेजात गेलो आणि अभिरुची सुधारली. आता खालापूरची नोकरी सोडून, रिकाम्या गोठ्यात स्टुडिओ थाटून मी स्वतंत्र संगीत निर्माता झालोय, म्हणजे गाणं मीच करतो आणि मीच ऐकतो. वर्षभर खपून विरहाचं एक संथ गाणं केलं. गावाने ते एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच इच्छा होती. गावाने पहिल्या आलापालाच हात जोडले.

परवा पुतण्याच्या हळदीत नरेशच्या बेंजो पार्टीने एक भन्नाट चाल धरली आणि अख्खा मांडव उठला. डोक्याला टॉवेल बांधून मीही घुसलो. गंगाकाकी धापा टाकत म्हणाली, "बघ रं, याला गानं म्हनतात! शिक जरा त्या नरेशकडनं."

मला मनापासून पटलं. नाच थांबल्यावर मी नरेशला गाठून विचारलं, "कुणाचं रे हे गाणं?"



"चेष्टा करता काय, दादा? तुमचंच हाय. आमी फक्त जरा पळवलंय."