रंगरावची भीती

"साहेब, भरतीच्या वेळी ह्यांची भीती तुम्ही काढून ठेवलीत," शेवंता म्हणाली. "सुटताना परत दिलीत ती भलत्याचीच! घरी पोल्ट्री आणि हे कोंबड्यांना घाबरतात. अंडी गोळा करायला हेल्मेट घालून जातात!"

प्रादेशिक सेनेतून सुटून आलेला रंगराव शेजारी मान खाली घालून बसला होता. रेकॉर्ड ऑफिसातल्या हवालदाराने मिशीत हसत डिस्चार्ज बुक तपासलं. नंबरातला एक आकडा चुकला होता.

"ह्यांची स्वतःची भीती कसली, वहिनी?"

"पाण्याची. पोरीला नदीकडे बघूही द्यायचे नाहीत. काल तिला एकटीला पोहायला धाडत होते, साहेब. कोंबड्यांचं मी बघितलं असतं हो."

हवालदाराने आकडा सुधारला, कपाटातून बरोबर नंबरची भीतीची डबी काढली, यंत्रात बसवली आणि ते रंगरावच्या कानामागे टेकवलं.

रंगराव ताडकन उठला. "कल्पी कुठाय?"

"बाहेर, बाकावर."

तो धावत सुटला. कल्पी व्हरांड्यातल्या नळावर बाटली भरत होती.

"मागं सर! पाणी आहे ते!"

आत शेवंताने पेन उचललं. "हे आमचेच," म्हणाली आणि सही केली.