जेवणाआधी अर्धा तास

शुगरची गोळी गिळून पाच मिनिटं झाली असतील नसतील, तोच मुकादमबाईने चौथऱ्यावरून सांगितलं, आज जेवणाची सुट्टी उशिरा. मोठ्या इस्पितळाची गाडी आधीच येऊन उभी आहे. चारशे चादरी घडी होऊन आत चढल्याशिवाय भोंगा वाजायचा नाही.

म्हातारीने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं. मग समोर सुनेकडे पाहिलं आणि चादरीची दोन टोकं उचलली.

धुलाईच्या त्या कारखान्यात तिला सगळे सरकार म्हणत. बावीस वर्षांत कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि घडी घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोठ्या चादरीला दोन बायका लागतात. चार हातांनी ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकांना टोकं मिळवायची, पुन्हा मागे सरायचं. बोलायचं ते टोकं मिळतात तेवढ्यात.

"आई, गोळी घेतलीत?"

"घेतली. आता काय ओकून टाकू?"

मागे सरल्या. पुन्हा जवळ आल्या.

"डबा घेऊन येते हळूच."

"कशी आणतेस? कपाटांच्या किल्ल्या त्या भवानीच्या कमरेला. हात चालव."

पांढऱ्या कापडाजवळ अन्न दिसलं की घरी. कामावर खाली बसलं तरी घरी. गेल्या महिन्यात इस्त्रीवरची एक बाई चक्कर येऊन पडली. तिला पाणी दिलं, वारा घातला, दारापर्यंत हात धरून नेलं, आणि सकाळी तिच्या जागी दुसरी उभी.

तिसाव्या चादरीच्या आसपास वाफ जरा जास्तच पांढरी झाली. यंत्रांची घरघर लांब गेली, नदीपलीकडे गेल्यासारखी. सरकारच्या मानेवरून गार घाम ओघळला, पण तिला तो कुणा दुसरीचाच वाटला. हातसुद्धा आपले नव्हते. हात आपले आपण घड्या घालत होते, ती नुसती बघत होती. चादर फुगली, हलकी झाली, आणि तिच्या त्या टोकाला सून इवलीशी दिसायला लागली. ही पोरगी एवढ्या लांब कधी गेली? पायाखाली फरशी नव्हती, काहीतरी मऊ होतं.

बरं वाटत होतं. हेच वाईट होतं.

मग कापडामागून कुणीतरी तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. ते नाव ठाऊक असलेलं आता कुणी जिवंत नव्हतं. आले गं, असं म्हणत सरकार चालू लागली. टोकांना टोकं मिळाली तरी थांबली नाही. सुनेच्या हातातली टोकंसुद्धा तिने घेतली, आणि धुऊन इस्त्री केलेली इस्पितळाची चादर खांद्यावरून अंगावर ओढून घेतली, थंडीत घेतात तशी.

"कुणीतरी बोलावतंय," ती म्हणाली.

"जेवायला बोलावतायत. थांबा जरा." सुनेने चादरीचं एक टोक सोडवून दोघींच्या डोक्यावरून वर धरलं. दुसऱ्या हाताने कमरेची कागदाची पुडी काढली. पुडीत साखर होती. पांढऱ्यावर पांढरं, सांडली तरी दिसायची नाही, म्हणून ती रोज तीच आणायची.

"तोंड उघडा."

"मी कुणाच्या हातचं घेत नाही."

"अकरा वर्षं माझ्याच हातचं खाताय. उघडा."

शेजारच्या जोडीने हे पाहिलं आणि आपली चादर जरा उंच धरली. पलीकडचीने तिच्याकडे पाहून धरली. मग तिच्या पलीकडचीने. बघता बघता सगळ्या हॉलभर चादरी उभ्या राहिल्या, शिडांसारख्या, आणि वाफेत हळूहळू हलत राहिल्या. घडी मात्र एकीचीही पडेना.

"काय चाललंय?" चौथऱ्यावरून आवाज आला. मग पावलं आली. मुकादमबाई एकेक चादर बाजूला सारत सरकारपर्यंत पोचली. सरकारच्या ओठांवर साखर होती, अंगावर इस्पितळाची चादर.

"घडी चुकली," सरकार म्हणाली. जीभ अजून जड होती. "सरळ करतेय."

मुकादमबाईने पुडीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "उद्यापासून गोळी जेवण झाल्यावर घेत जा, सरकार."

"डॉक्टर म्हणतात अर्धा तास आधी. तुम्ही म्हणता नंतर. दोघं एकदा भेटून ठरवा. तोवर मी गाडी भरते."

मुकादमबाई हसली नाही. घरी जा, असंही म्हणाली नाही. "ही चादर पुन्हा धुवायला टाका," एवढंच म्हणाली आणि परत फिरली. तिची पाठ वळली तशा बायका पुन्हा एकमेकींकडे चालू लागल्या.

भोंगा दोनला वाजला. सासू-सून भिंतीला टेकून डबे उघडून बसल्या. सरकारचे हात अजून थरथरत होते, म्हणून ती ते मांडीखाली दाबून बसली होती. थोड्या वेळाने तिने एक हात बाहेर काढला, पदराच्या गाठीतली गोळ्यांची पट्टी सोडवली आणि सुनेच्या पुढ्यात टाकली.

"घरी फळीवर ठेव. सुट्टीच्या दिवशी घेत जाईन."

"आई, डॉक्टर रोज घ्यायला म्हणालेत."

सरकारने पहिला घास मोडला.

"डॉक्टर रोज वेळेवर जेवतात."